तिघांचं लिनक्स मंडळ

डायरी मी ठेवायला लागलो ती फक्त कमांड टिपून ठेवायला. डाव्या पानावर काय बिघडलं, उजव्या पानावर ते कशानं सुधारलं. पण बिघाडासोबत तो सांगणारा माणूसही येतो, आणि तो काय बोलला हे लिहिल्यावाचून राहवत नाही. अशी सात वह्यांची डावी पानं भरली. उजवी बरीच कोरी आहेत!

मंडळ म्हणजे आम्ही तिघं. मी जळगावात, पिंप्राळ्याला एकटा राहणारा, सरकारी कचेरीतला भांडारपाल. धुळ्याचे नाना, आयटीआयमधून निवृत्त झालेले, तेही एकटेच. आणि भडगावच्या अक्का, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. नव्वदीच्या अखेरीस आमच्या माहितीत अख्ख्या खानदेशात विंडोजऐवजी लिनक्स एवढ्या तीनच घरांतल्या संगणकांवर होतं. मासिकासोबत सीडी आली की आम्ही अपग्रेड करायचो आणि पुढे आठवडाभर निस्तरत बसायचो. विचारायला चौथं माणूस नव्हतं.

*

अक्कांना मशीनवर गाणी वाजवणारं एक नवं पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅम, टाकायचं होतं. ते म्हणालं, आधी अमुक पाहिजे. अमुक म्हणालं, तमुक पाहिजे. तमुकला आणखी चार हवी होती. अक्कांचा फोन आला.

"भाऊ, हे पॅकेज आहे की व्याही? एकाला जेवायला बोलावलं, तर बठ्ठं गोत दारात उभं!"

सगळं गोत आत घेतलं. गाणं काही वाजलं नाही. साउंड कार्ड रुसलं होतं.

*

एकदा नानांचा पडदा काळा झाला. एसटीडी बूथवरून मी त्यांना एक-एक अक्षर सांगत होतो. फाइलचं नाव बदलायचं होतं, एवढंच.

"एम लिहा. व्ही लिहा. आता जागा सोडा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. इकडे बूथचं मीटर पळतंय!

"नाना? सोडली का जागा?"

लांबून आवाज आला, "सोडली भो! दाराजवळ उभा शे. आता काय करू?"

तेव्हापासून मी फोनवर 'स्पेस' म्हणतो.

*

शाळेतला सहामाहीचा इंग्रजीचा पेपर छापायचं काम अक्कांकडे आलं. आदल्या दिवशी त्यांनी छपाईचं पॅकेज अपग्रेड केलं. प्रत्येक ओळ आधीची जिथे संपली तिथूनच सुरू व्हायला लागली. पहिला प्रश्न डावीकडे, दुसरा मध्यावर, तिसरा कागदाबाहेर! मुख्याध्यापकांनी कागद तिरपा धरून पाहिला आणि म्हणाले,

"अक्का, हा पेपर जिना उतरून चालला कुठे?"

कारण मला सापडलं: ओळ संपल्यावर परत डावीकडे यायचं, हे प्रिंटरला आता कोणी सांगतच नव्हतं. पण ते सापडेपर्यंत अक्कांनी पेपर हातानं लिहून स्टेन्सिलवर काढला होता.

*

अक्कांची नाशिकला बदली झाली. तिथल्या शाळेत सगळं तयार होतं, बिघडवायला काही नव्हतं. मंडळाच्या बैठकीचं टिपण मी नेमानं लिहायचो. त्या महिन्यात लिहिलं: उपस्थिती दोन.

आम्ही दोघांनी ठराव मात्र एकमतानं मंजूर केला!

*

नानांची लेक पुण्याला. बापलेकीचं बोलणं ईमेलवर. नानांनी मोडेमचं पॅकेज बदललं आणि मेल बंद! नव्या पॅकेजमध्ये मोडेमच्या पोर्टचं नावच बदललं होतं. जुन्या नावानं हाका मारल्या तर तो ओ देईना. चार दिवस असेच गेले. फोनची तार मोडेमलाच लावलेली, म्हणून पाचव्या दिवशी लेकीनं शेजाऱ्यांकडे फोन केला. शेजारी धावत आले, तर नाना मोडेमसमोर बसलेले.

मी गेलो तेव्हा नाना हसत म्हणाले, "पोरगी विचारत होती, मशीन बंद पडलं की बाप?"

मग हसू ओसरलं. "भाऊ, ती म्हणते, एकटे राहू नका. घर विका आणि पुण्याला या. तिचंही खरंच शे. पण मला नाही जायचं."

मी मोडेमचं नाव सुधारलं. दुसरं काय सुधारता येणार होतं?

*

पुढच्या महिन्यात एका रविवारी धुळ्याला जाऊन मी नानांच्या मशीनवर आणखी काही पॅकेजेस चढवली. काम चालू असतानाच वीज गेली. ती आल्यावर मशीन नीट सुरू झालं आणि मी संध्याकाळच्या बसनं परतलो. तो आठवडा कचेरीत वार्षिक मोजणी होती. घरी आल्यावर कोणाशी बोललो असेन असं डायरीत दिसत नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी गेलो, तर नाना दारातच उभे. मला थेट पडद्यासमोर बसवलं. 'हू' ही कमांड दिली की मशीनवर आत्ता कोण-कोण आहे त्यांची यादी येते. नानांनी ती दिली. दोन ओळी उमटल्या. पहिली नानांच्या नावाची. दुसरी माझ्या, पुढे मागच्या रविवारची तारीख.

माझ्या लक्षात आलं. वीज गेली तेव्हा मी माझ्या नावानं आत होतो, आणि मशीन सुरू होताना जुन्या नोंदी पुसायचं काम नवं पॅकेज करतच नव्हतं.

"नाना, हे चूक दाखवतंय. मी आठवडाभर इथे आहे असं म्हणतंय. एका मिनिटात पुसतो."

नानांनी कीबोर्डवर हात ठेवला.

"पुसू नका, भाऊ. पोरीला कालच हे छापून पाठवलं शे."