उतार की म्हशी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी आणि माझा मुरगूडचा सहकारी कॅमेऱ्याला साच्यात ओतलेलं खराब लोखंडी कास्टिंग ओळखायला शिकवत होतो. आमचं जमलं, तर हातोडी वाजवून खोट सांगणाऱ्या चेकर मामांची नोकरी जाणार, हे मालकांनी मामांच्या तोंडावरच सांगून टाकलेलं. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. आम्हाला भांडणातून फुरसत कुठं होती?

मी ग्रेडियंटवाला. कॅमेऱ्यामागं फोटो बघून शिकणारा प्रोग्राम, म्हणजे न्यूरल नेटवर्क, त्याची चूक मोजायची, ती जिकडं कमी होते तिकडं एक पाऊल टाकायचं, पुन्हा मोजायचं. डोळे बांधून जोतिबाचा डोंगर उतरावा तसं, पायाला उतार लागेल तिकडं. तो उत्क्रांतीवाला. थोडी थोडी वेगळी शंभर नेटवर्कं काढायची, हुशार ठेवायची, बाकीची मोडीत. उरलेल्यांची पुन्हा पिलावळ. घरी म्हशी असल्यामुळं त्याला हे लगेच पटलं होतं. मी त्याच्या पद्धतीला जनावरांचा बाजार म्हणायचो, तो मला आंधळा पावणा.

आमची कास्टिंग घेणारं मोठं गिऱ्हाईक हा कॅमेरा बघायला यायच्या आदल्या दिवशी दोघांच्याही नेटवर्कला भरघोस मार्क पडले. आम्ही कॉलरी ताठ करतोय तोवर मामा आले. त्यांनी एक धडधाकट कास्टिंग उचललं, चिमूटभर गुलाल लावला आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. माझं नेटवर्क म्हणालं, खराब. त्याचंही तेच.

भट्टीतल्या पहिल्या ओतीच्या कास्टिंगना जोतिबाचा गुलाल लावायची आमच्याकडं रीत. पहिल्या ओतीचं लोखंड जरा गार पडतं, त्यामुळं नेमकी तीच जास्त फसतात. कॅमेरा खोट शिकलाच नव्हता, गुलाल शिकला होता. आणि हजारो फोटो चाळूनही आम्हा दोघा शहाण्यांना तो खटकला नव्हता, कारण जन्मापासून तो आमच्या अंगावरच पडलेला.

मी मामांना म्हणालो, "गप्प बसला असता तर तुमची नोकरी ऱ्हायली असती की."

"व्हय. पर खोट दिसली आन् गप बसलो, आसं कवा झालं न्हाय. मग ती लोखंडात असू दे न्हायतर तुमच्यात."

मालकांनी गिऱ्हाइकाला पंधरा दिवस थांबवलं. गुलाल पुसून नवे फोटो काढले, एकेक कास्टिंग मामांनीच पारखून दिलं. कॅमेरा चालला, तोही माझ्या पद्धतीनं, पण सहकाऱ्याला चिडवायची इच्छा झाली नाही.

गिऱ्हाइकासमोर मालक म्हणाले की हे सगळं आमच्या या दोन इंजिनिअरांचं डोकं. मामा दोन पावलांवर उभे होते, त्यांचा तो शेवटचा आठवडा होता. मी गप्प बसलो.