फाटकाची दोरी

ही गोष्ट मी आजवर कुणापुढे काढलेली नाही. बायकोपुढे नाही, भावापुढे नाही, रविवारी सकाळी माझ्याबरोबर सायकल मारणाऱ्या टोळक्यापुढे तर नाहीच. आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवी होती, त्याला — पण त्याच्यापर्यंत यायला मला वेळ लागेल. जरा लांबून येतो, चालेल ना?

सायकलीपासून सुरुवात करतो. सायकलीबद्दल बोलताना निदान मान खाली घालावी लागत नाही.

आमच्या तंजावरात डोंगर नाही. माझ्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल, आणि तो चढतानाही बँकेतले सहकारी स्कूटरवरून हात करून पुढे जातात. तेव्हा डोंगरी सायकल घेऊन करायचं काय? मी सहा महिने वाचन केलं, लोकांचं डोकं खाल्लं आणि शेवटी ग्रॅव्हल सायकल घेतली. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर मात्र जाडसर, खडी-मातीवर न डगमगणारे. आत ट्यूब नाही, नुसतं चिकट औषध. वेड्या बाभळीचा काटा घुसला तरी भोक आपोआप बुजतं. बूट पेडलला खटकन अडकतात. ती घरी आली त्या दिवशी मी तिला हॉलमध्ये उभी केली होती, आणि बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

माझ्याबरोबर फिरणारा मित्र सेल्वम, त्याची सायकल डोंगरीच होती. कुणाकडून तरी घेतलेली जुनी, वजनदार, पुढचा शॉक प्रत्येक खड्ड्यात कुरकुरणारा. सेल्वमचं लेथचं वर्कशॉप आहे. मोडलेलं काहीही तो घरी नेतो आणि चालतं करून आणतो. माझ्या सायकलीकडे बघून तो म्हणाला होता, "राव, ही ना घोडा ना गाढव." इथे आम्हा मराठी लोकांना सगळे 'राव'च म्हणतात. मी हसलो होतो, पण ते मला लागलं होतं. आता वाटतं, सगळं तिथूनच सुरू झालं असेल का? नाही, सायकलीवर ढकलत नाही. माझं मीच केलं.

सायकल घेणं सोपं असतं. ती फिरवायची कुठे, हा खरा प्रश्न. तिरुवैयारूच्या रस्त्यावर बसगाड्या अंगावर येतात. आम्हाला हवे होते कालव्यांचे मातीचे बांध. त्यातल्या काहींवर काँक्रीट पडलं, काही लोकांनी काटे टाकून बंद केले — आणि त्यांची चूक नाही, बांधावरून मोटरसायकली जातात, बाटल्या पडतात. मधे एकच तुकडा असा होता की तो मिळाला तर दोन कालवे जोडले जात होते आणि मोठा रस्ता पूर्ण टळत होता. तो बांध जानकी अक्काच्या शेतातून जायचा. दोन्ही बाजूंना नारळ, खाली भात, आणि टोकाला बांबूचं फाटक.

अक्का आमच्यातली. राजवाड्यामागच्या गल्लीत माहेर, आणि नवरा गेल्यापासून शेत तीच बघते. परवानगी मागायला मी एकटा गेलो आणि तोंड उघडलं ते आमच्या तंजावरी मराठीत. दिवसभर मजुरांशी तमिळ बोलणारी ती बाई एकदम खुर्ची पुढे ओढून बसली. "कोणाचा रे तूं?" चार मिनिटांत तिनं माझ्या आजोबांच्या चुलत्यापर्यंत नातं नेऊन भिडवलं. मग परवानगी कसली, वर ताक मिळालं. अट एकच. "दोघं या की. पण जाताना फाटक बांधा. पलीकडे गाई अहेत." फाटकाला दोरी होती, शेवटी येणाऱ्यानं तिचे दोन वेढे घालून गाठ मारायची. एवढंच. वर्षभर आम्ही ते नेमानं केलं.

मग तो रविवार आला. साधारण सहा वर्षं झाली. आदल्या रात्री पाऊस पडून बांधावर काळा चिखल झाला होता. अशा चिखलात माझं टायर आणि चाक धरणारा फोर्क यांच्यामधे माती दाटते, चाक घासायला लागतं. सेल्वमच्या त्या कुरकुरणाऱ्या धुडाला मात्र जागाच जागा. तो पुढे निघून गेला. फाटक त्यानं उघडलं, मला हात केला आणि हसत पुढे सुटला. मी मागे. म्हणजे बांधायचं मी.

मला बूट सोडवून चिखलात उतरावं लागलं असतं, दोरी बांधावी लागली असती, पुन्हा चढावं लागलं असतं. मिनिट गेलं असतं, दीड मिनिट. आणि तो जुनाट सायकल घेऊन माझ्या पुढे होता — हे मला सहन होईना. एवढीच गोष्ट. मी सायकलीवरूनच फाटक ओढून घेतलं, ते टेकलं, आणि मी निघालो. दोरी लोंबत राहिली. मला ती दिसली होती. विसरलो असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं, नाही का? पण मी वळून बघितलं होतं.

त्याला मी पुढच्या पुलाशी गाठलं. फार आनंद झाला.

पुढच्या रविवारी अक्का फाटकाशीच उभी होती. मागे सांबा भाताच्या रोपांचा वाफा — म्हणजे वाफा होता. गाईंनी निम्मी रोपं खाल्ली होती आणि उरलेली तुडवली होती. ते बी ती विकत आणत नसे. सासूच्या वेळचं जुनं वाण, दरवर्षी स्वतः मडक्यात राखून पेरलेलं. मडक्यात आता मूठभरही नव्हतं. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. सेल्वमनं हात जोडून नमस्कार केला, तिनं मान हलवली आणि मला विचारलं. मराठीत. मुद्दाम मराठीत, हे मला तेव्हाच कळलं. चूक त्याची निघाली तर त्याला त्याच्या तोंडावर लाज वाटू नये म्हणून. दारात आलेल्या परक्या माणसाला बोलू नये, इतकी ती जुन्या वळणाची.

"कोणें बांधलं नाही रे?"

माझ्या शेजारी सेल्वम उभा होता. वाफ्याकडे बघून तो हळहळत होता, चुकचुकत होता. आमचं बोलणं त्याला एक अक्षर कळत नव्हतं. आणि मी म्हणालो —

"हा मागें होता, अक्का."

हे ते. हेच मला सांगायचं होतं. चार शब्द. त्याचं नावसुद्धा घेतलं नाही मी, नाव घेतलं असतं तर त्याला कळलं असतं ना! इतका विचार मला सुचला. घाबरलेल्या माणसाला सुचत नाही म्हणतात; मला छान सुचलं.

अक्कानं त्याच्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघून हसला, कसनुसं, सहानुभूतीनं. मग ती मला म्हणाली, त्याला काही बोलू नकोस, पण इथे आणूही नकोस. तूं ये, तूं आपला अहेस.

कालव्यावर परत आल्यावर सेल्वमनं विचारलं, काय म्हणाल्या अम्मा? मी म्हणालो, यापुढे मी एकट्यानंच यावं म्हणते. तो थांबला. "का?" मी खांदे उडवले. म्हातारी माणसं, तुला माहीतच आहे, असलं काहीतरी पुटपुटलो. तुला माहीतच आहे! त्याला काय माहीत असणार होतं? पण त्याला जे आयुष्यभर माहीत होतं तेच त्यानं त्या रिकाम्या जागेत भरलं. कुठल्या घरात त्याला ओसरीवरच थांबवतात, कुठे त्याच्यासाठी वेगळा पेला काढतात, हे त्याला मी शिकवायला नको होतं. "सरि," म्हणाला तो. बरं. आणि सायकल वळवली. त्या क्षणी मला दिसलं की तो काय समजला आहे. एका वाक्यात ते पुसता आलं असतं. पण ते वाक्य म्हणजे 'दोरी मी बांधली नाही' हेच होतं.

मी नाही बोललो. दिवाळीला तो आमच्या घरी यायचा, तो यायचा थांबला. बायकोनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, त्याचं काम वाढलंय.

तुम्हाला वाटेल, मीही त्या बांधावर जाणं सोडलं असेल. छे. जात राहिलो. एकटा जायचो, मन लावून दोन वेढे घालायचो, ताक प्यायचो. अक्का दर खेपेला म्हणायची, तुझ्यासारखा जबाबदार माणूस नाही. मी ते ताक गिळायचो.

आणि तरी खोटं बोललो ते सगळ्यात वाईट नाही. खरंच नाही. दोन वर्षांपूर्वी अक्कानं कुणा शेतकऱ्याकडून तेच वाण मिळवलं, पेरलं, चांगलं उगवलं. त्या दिवशी ती खुशीत होती. म्हणाली, "त्या तुझ्या दोस्ताला घेऊन ये की. किती वर्षं मनांत धरून बसूं मी? मीच बोलते त्याच्याशी." तमिळमध्ये बोलली असती ती त्याच्याशी. बाबा, त्या दिवशी तू दोरी बांधली नाहीस, पण जाऊ दे, असं म्हणाली असती. आणि मग सेल्वमनं माझ्याकडे बघितलं असतं.

मी म्हणालो, "त्यानं सायकल सोडली, अक्का."

तिनं क्षमा केली होती, आणि ती मी मधल्यामधे गिळून टाकली. तिच्या हातून त्याच्यापर्यंत पोचू दिली नाही. याला भीती म्हणू? भीती पहिल्या खेपेला होती. दुसऱ्या खेपेला मी पूर्ण शुद्धीवर होतो, हातात ताकाचा पेला होता.

सेल्वमनं सायकल सोडलेली नाही. तो रोज चालवतो, फक्त दुसऱ्या दिशेला, ओरत्तनाडूकडे. गेल्या महिन्यात त्याची मुलगी कॉलेजात जायला लागली म्हणून तिला सायकल घ्यायची होती, आणि कुठली घ्यावी हे विचारायला तो तिला माझ्याकडे घेऊन आला. माझ्याकडे! तो अजून मला मित्र समजतो. ग्रॅव्हलच घे, मी तिला सांगितलं. टायर जरा रुंद घे, फोर्कमध्ये जागा बघून घे, नाहीतर चिखलात अडकशील. तिनं फोनवर नकाशा उघडला, कालव्यांवर बोट फिरवलं आणि अक्काच्या नारळांवर येऊन थांबली. "अंकल, इथून आरपार जाता येतं ना?"

मी काही बोलायच्या आधी सेल्वम बोलला. शांतपणे, तिला समजावून सांगावं तसं.

"तिकडून नाही, कण्णा. ती वाट आपल्यासाठी नाही."

मुलीनं बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. अठरा वर्षांची आहे, तिला समजायचं ते समजलं. तिनं नकाशा बंद केला. मी तिथेच होतो, हाताच्या अंतरावर. आणि मी तिला टायरमध्ये हवा किती भरायची ते सांगू लागलो.

अक्का अजून आहे, शेतावरच असते. सेल्वमचं वर्कशॉप माझ्या घरापासून सायकलीवर दहा मिनिटांवर आहे. आणि हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे, जे त्याला वाचता येत नाही.