मुलीच्या मामांनी यावे

सायकलच्या स्टँडच्या आवाजावरून दादाला कळायचं, आज मार पडणार की नाही. खडकीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो आम्ही. आई नव्हती. अप्पा ड्युटीवरून आले आणि स्टँड लाथेने खाड्कन लागलं, की दादा मला म्हणायचा, "जा, काकूंकडून विरजण आण." घरात दुधाचा थेंब नसायचा. तरी मी वाटी घेऊन शेजारी जायचे. परत येईपर्यंत आतलं उरकलेलं असायचं आणि दादा पाठ भिंतीला टेकवून मला पाढे विचारायचा.

विशीत त्याचं मन आजारी पडलं. खाली कुणी स्कूटर लावली तरी ताटावरून उठायचा. मग गोळ्या, डॉक्टर, महिनेच्या महिने अंथरुणात. जीभ तेवढी शाबूत राहिली. डॉक्टरांनी विचारलं, आवाज येतात का? म्हणाला, "येतात. वरच्या मजल्यावरच्या टीव्हीचे. त्यांनाही गोळ्या द्या."

माझं लग्न ठरल्यावर अप्पांनी त्याला लोणी काळभोरला आत्याकडे धाडलं. वेडा मेहुणा आहे हे कळलं तर स्थळ हातचं जाईल, म्हणाले. सासरी सांगितलं, मुलगा परगावी नोकरीला असतो. मी गप्प बसले. आज लिहितेच आहे तर लिहिते, मलाही तेच हवं होतं. आत्याचं सगळं घर लग्नाला आलं आणि दादा तिकडे एकटा गुरं राखत बसला. नवऱ्याचा कान पिळायला आतेभाऊ उभा राहिला. पुढे भेटल्यावर दादाने एवढंच विचारलं, "कान जोरात पिळला ना?"

नवऱ्याला सगळं कळलं ते आठ वर्षांनी. मला एका शब्दाने न बोलता तो दादाला आमच्या घरी घेऊन आला. अप्पा खडकीतच एकटे राहिले.

मग माझ्या मुलीचं लग्न निघालं. अप्पांनी बजावलं, मामा म्हणून त्याला पुढे करू नकोस, चारचौघांत शोभा होईल. जन्मात त्यांच्यापुढे मान वर केली नव्हती मी. लग्नाच्या आदल्या दिवशी खडकीला गेले आणि त्यांची पिशवी भरली. दोन सदरे, चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या. म्हटलं, "अप्पा, तुम्ही लोणीला जा. विचारलं कुणी तर सांगेन, परगावी असता." अप्पा रडले. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

गुरुजींनी माइकवरून मुलीच्या मामांना बोलावलं. दादा भाचीला घेऊन आला, घामाने डबडबलेला, पण एक पाऊल चुकला नाही. अक्षता पडल्यावर मला गाठून त्याने विचारलं, अप्पा कुठेत? मी सांगितलं. खरं तर शाबासकी हवी होती.

डोक्यातल्या अक्षता झटकत तो म्हणाला, "अप्पांनी मला पाठवलं, तू अप्पांना पाठवलंस. मला धाडलं तेव्हा तू गप्प बसली होतीस, मग तुला मी कुठे पाठवू गं?" आणि लगेच म्हणाला, "जा, विहीणबाई खोळंबल्यात."

दादाला जाऊन दोन वर्षं झाली. अप्पांना मी तिथून आणलंच नाही. दादा होता तोवर दर रविवारी लोणीला जाऊन त्यांची दाढी करून यायचा. मी एकदाही गेले नाही. आता आतेभाऊ फोन करतो, म्हातारा 'मला घरी न्या' म्हणतोय, काय करायचं?

मी म्हणते, बघू.