अरदास पुरी होईपर्यंत

त्या दिवसांत देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं म्हणणं खोटं ठरेल. पण देवापेक्षा माझं लक्ष एका काळ्या डब्यावरच्या हिरव्या दिव्याकडे जास्त असायचं, एवढं मात्र खरं. तो दिवा चमकला की माझा जीव वर-खाली व्हायचा. जेवताना, कॉलेजात शिकवताना, औंढ्याला नागनाथासमोर हात जोडून उभा असतानासुद्धा तो माझ्या डोळ्यांपुढून हलत नसे.

गोष्ट दोन हजार नऊ सालची. मी हिंगोलीत एका कॉलेजात संगणक शिकवत होतो. आमचा तांडा औंढ्याच्या पलीकडे. घराण्यात पदवी घेतलेला मीच पहिला, आणि ती घेता आली ती वडिलांमुळे, म्हणजे आमच्या बामुळे. बा तांड्याच्या भजनात काशाची थाळी वाजवायचा आणि शेवटी अरदासही तोच करायचा. अरदास म्हणजे भजन संपताना सगळ्यांच्या भल्यासाठी देवापुढे केलेलं मागणं. ते पुरं होईपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही आणि तोंडात घासही घालायचा नाही, ही आमच्याकडची रीत. बा जाण्याच्या आदल्या वर्षी मी ओळखीच्या फोटोग्राफरकडून कॅमेरा आणून त्याचं एक भजन सुरुवातीपासून अरदासपर्यंत टिपून ठेवलं होतं. तो गेल्यावर याडीला, म्हणजे आईला, मी हिंगोलीला घेऊन आलो. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. तिचं बोलणं इथे मराठीत लिहितो आहे.

याडीच्या खोलीत एक जुना संगणक होता. त्याची डिस्क इतकी लहान की ते चित्रण तिच्यात मावत नव्हतं. म्हणून मी पुण्याच्या मित्राकडून एक साठवणीचा डबा मागवला. तो बाहेरच्या खोलीत फळीवर ठेवायचा, घरातल्या वाय-फायला जोडायचा, आणि त्याच्या पोटातलं चित्रण दुसऱ्या खोलीतल्या पडद्यावर बघायचं. भारनियमनामुळे दुपारी गेलेली वीज संध्याकाळी सहाला यायची. वीज आली की याडी देवापुढे दिवा लावी, साखरेच्या आजाराची गोळी घेई आणि पडद्यासमोर मांडी घालून बसे. भजन अर्ध्या तासाचं. ते झालं की भाकरी.

पहिल्या दिवशी थाळीचा पहिला ठोका ऐकून ती रडली. आणि तेवढ्यात बा थांबला. हात वर उचललेला, तोंड उघडं, आणि पडद्याच्या मधोमध एक चकती फिरत राहिलेली. मिनिटभराने तो हलला, चार शब्द गायला, पुन्हा थांबला. अर्ध्या तासाचं भजन दीड तास झालं तरी संपेना. मी म्हणालो, "याडी, आज राहू दे, जेवून घे." ती म्हणाली, "तुझा बा अरदास केल्याबिगर कधी उठला न्हाई. मी कशी उठू?" मी चित्रण पुढे सरकवून शेवट लावायला गेलो, तर म्हणाली, "मधलं कुठं गेलं? गिळलंस व्हय?"

चौथ्या संध्याकाळी ती बसल्या जागी कलंडली. अंग घामाने ओलं, हात थरथरत होते. माझ्या बायकोने बोटाने तिच्या तोंडात साखर घातली. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं की गोळीनंतर अर्ध्या तासात जेवण पोटात गेलंच पाहिजे. आज थोडक्यात निभावलं, दर वेळी निभावेल असं नाही. त्या दिवसापासून बायको अरदास होईपर्यंत गोळी हातात धरून बसू लागली, पण मग औषधही लांबायचं आणि जेवणही. याडी दिवसेंदिवस खंगत चालली. ज्या विद्येसाठी बाने आयुष्य घातलं, तिच्या जोरावर मला त्याचा आवाज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नीट नेता येत नव्हता.

मग मी काय काय केलं नाही? वाय-फायचा चॅनेल बदलला, त्याचं यंत्र उंचावर ठेवलं. चित्रण दाबून लहान केलं, तर बाचा चेहरा चौकोनी ठिगळांचा झाला. याडी म्हणाली, "हा तुझा बा न्हाई, बुजगावणं हाय." तेही पुसून टाकलं. शेवटी वाय-फाय सोडून भिंतीच्या कडेने सरळ तार ओढली. त्याने थोडा फरक पडला, पण बा थांबायचा तो थांबायचाच. मला स्वस्थ बसवेना. रोज नवी खटपट. बायको एकदा चिडून म्हणाली, "अहो, त्या डब्यापुढं एक नारळ तरी फोडा, न्हाईतर मला तो डबाच फोडू द्या." त्या सोमवारी औंढ्याला जाऊन मी नागनाथाशी अक्षरशः भांडलो. मागितलं काहीच नाही. म्हणालो, मी माझं सगळं करून चुकलो, आता तुला काय करायचं ते कर. त्यात भक्ती नव्हती, कंटाळा होता. पण आता वाटतं, ते वाक्य खरं होतं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी वीज आली, याडी बसली, आणि दारात एक म्हातारा उभा राहिला. धोतर, डोक्यावर मळकी टोपी, हातात रिकामा कॅन. औंढ्याला निघालेल्या जीपचं इंजिन आमच्या घरासमोर तापलं होतं. कामासाठी हिंगोलीला येऊन आता सोमवारचं दर्शन घ्यायला निघालेला वसमतचा माणूस. "पाणी भेटंल का, बाबा? गाडीला बी अन् मला बी." मी कॅन भरून ड्रायव्हरकडे पोचवला आणि म्हाताऱ्याला आत बोलावलं. तो याडीच्या खोलीच्या उंबऱ्याशी टेकला, पाणी प्यायला आणि उठू लागला. याडी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "भाऊ, भजनात बसलात. आता अरदास झाल्याबिगर उठू नका." त्याने पुन्हा मांडी घातली आणि मीही याडीशेजारी बसलो.

थोड्या वेळाने ड्रायव्हर दारात आला. "ओ मामा, चला की! गाडी थंडी झाली. पाशिंजर मला खाऊन राहिले!"

"अर्ध्यातून उठता येत न्हाई म्हंत्यात," म्हातारा म्हणाला. "तू बी बस."

"अन् हे कधी संपंल?"

"त्ये या बाबाला इचार."

बा थाळी उचलून थांबलेला होता. शरमेने मी त्यांना सगळी तकलीफ सांगितली: चित्रण त्या डब्यात आहे, तारेतून इकडं येतं, पण मधेच अडतं. उंबऱ्यावरून बाहेरची फळी सरळ दिसत होती. म्हातारा बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भजन तर थांबलंय. मग त्यो दिवा काहून पळून राहिला?"

मी बघितलं. डब्यावरचा हिरवा दिवा न थांबता फडफडत होता. रोज बघत होतो मी तो.

"मी जिंदगीभर वसमतला पाणी सोडायचं काम केलं," तो सांगू लागला. "खालच्या गल्लीतल्या बाया घागरी घेऊन भांडायला यायच्या, पाणी येत न्हाई म्हणून. बराबर हाय त्यांचं. पण पाइप कुठं फुटलेला नसायचा. वरच्या अंगाला कुणीतरी नळ सोडून गेलेलं असायचं. आधी ते बघा, बाबा. कुणाचा नळ चालू हाय?"

नळ माझाच होता. बा गेल्यावर महिन्याभरात एका सहकाऱ्याची डिस्क बिघडून त्याचे सगळे फोटो गेले होते. त्या धास्तीने मी डबा आला त्याच दिवशी त्याला दुसरी डिस्क जोडली आणि हुकूम देऊन ठेवला: वीज आली की आतलं सगळं पुन्हा पहिल्यापासून उतरवून घे. आणि विसरून गेलो. पण वीज रोजच जायची. नक्कल पुरी व्हायला अर्धी रात्र उलटायची. रोज सहाला डबा ती नव्याने सुरू करायचा, आणि याडीही नेमकी सहालाच बसायची. बिचाऱ्या डब्याची सगळी ताकद बाला जपून ठेवण्यात जात होती. त्याला गाऊ देण्यापुरती उरतच नव्हती.

मी उठलो नाही; रीत होती. बसल्या बसल्या याडीच्या संगणकावरून डब्याला नक्कल थांबवायला सांगितलं. दिवा शांत झाला. बाचा वर उचललेला हात खाली आला, थाळी वाजली, आणि मग ती वाजतच राहिली. ड्रायव्हर चप्पल काढून भिंतीला टेकून बसला.

भजन संपलं आणि अरदास सुरू झाली. इतक्या दिवसांत ती रात्री उशिरा, तुटक तुटक यायची, आणि माझं लक्ष त्या हिरव्या दिव्याकडे असायचं. चित्रण मीच केलेलं. पण तेव्हाही माझं लक्ष बाच्या शब्दांवर नव्हतं, कॅमेऱ्याची बॅटरी टिकते का याच्या दिव्यावर होतं. त्यामुळे ते मागणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बाने गुराढोरांचं भलं मागितलं, तांड्याचं मागितलं. मग डोळे मिटून आपल्या मनाचं एक वाक्य जोडलं, "वाटेनं जाणाऱ्या तहानलेल्याला आमच्या दारात पाणी भेटू दे."

याडीने मागे वळून त्या म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याने टोपी काढून हात जोडले होते. "भेटलं, बापा," तो पडद्याला म्हणाला.

मग सगळे उठले. बायकोने त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "जातो, बहिणाबाई," म्हणून तो जीपकडे गेला. मी इतका भारावलो होतो की नाव विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी औंढ्याला जाऊन मंदिराच्या आवारात, प्रसादाच्या दुकानांपाशी त्याला शोधलं. भेटला नाही. तो कोण होता यावर मी फार डोकं चालवत नाही. वसमतचा, पाणी सोडणारा एक माणूस होता, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

त्या संध्याकाळी याडीने वेळेवर भाकरी खाल्ली, वर आणखी अर्धी मागून घेतली. त्यानंतर ती पाच वर्षं होती, आणि रोज अरदास पुरी झाल्यावरच जेवली. चित्रणाची नक्कल मी अजूनही घेतो, पण महिन्यातल्या एका रविवारी सकाळी, एकदाच. मग ती दुसरी डिस्क काढून कपाटात ठेवून देतो. डबा जाईल, तारा जातील, कधीतरी चित्रणही जाईल. ते धरून ठेवणं माझ्या हातात नाही, हे मला त्या उंबऱ्याशी कळलं. माझ्या हातात एवढंच आहे की थाळी वाजू लागली की बसायचं आणि मधेच उठायचं नाही. दिव्याकडे पाठ करून बसतो आता. बा आपल्या गतीने गातो, आणि वाटसरूसाठी पाणी मागायची वेळ आली की त्याच्या आवाजात मीही माझा आवाज मिसळतो.