फ्यूज माझ्या पिशवीत होता

आमचे हे, देवाजी, कशालेच भेत नाही, हे मी आमच्या अख्ख्या मरोदा वस्तीत सांगत फिरली. फुशारकीच होती बाप्पा, खोटं कावून बोलू? नोकरीभर प्लांटमधी बिजलीच्या लाइनीवर काम केलं, पण घरी आल्यावर कधी हाय नाही की हुय नाही. बशीत चहा ओतायचा, फुर्रकन प्यायचा, अन् टीव्ही लावायचा. असा माणूस.

रिटायर झाल्यावर घराच्या मागं स्कूटरपुरतं गॅरेज काढलं होतं. पोरगी संघमित्रा तिथं शिलाईचा क्लास काढते म्हणे. एका बल्बात सुईत दोरा कसा जाईन? तिच्या बाबानं ठरवलं, आणखी दोन ट्यूबा मीच लावतो. गॅरेजची वायर मागच्या खोलीच्या लाइनीवरूनच नेलेली होती, तिथूनच पुढं जोडायचं होतं. त्या खोलीत आमचा पोरगा विक्की नाइट ड्यूटी करून झोपला होता.

ह्यायचा एक नियम आहे, प्लांटमधून आणलेला. लाइनीवर हात घालायचा त फ्यूज काढून नुसता बाजूले ठेवायचा नाही, खिशात घालायचा. म्हणजे दुसरा कोणी लावणार नाही. घरी काम असलं की तो फ्यूज माझ्या हवाली. "भागी, माझा जीव आहे समज." मी म्हणो, "लग्नाले इतकी वर्षं झाली, एक दागिना नाही दिला, अन् हे चिनी मातीचं ढेकूळ देता!"

त्या दिवशी दुकानातून आणलेली एक ट्यूबपट्टी फुटकी निघाली. "तू जाऊन ये पावर हाउसच्या बाजारात, बदलून आण. तवरी मी जुने जोड खोलून ठेवतो," हे बोलले. मी फ्यूज पिशवीत टाकला अन् निघाली.

दुकानवाला विचारते, लंबी पट्टी की छोटी? मी ह्यायले फोन लावला. फोन घरातच राहिला होता, उचलला विक्कीनं. अन् मागून घरघर आवाज येऊन राहिला.

"विक्की, हे काय वाजून राहिलं रे?"

"कूलर. पूरा पसीने में नहा गया था मैं. पाहतो त मेरे रूम का फ्यूजच गायब! मंग पंपाचा काढून लावला तिथं."

माय वो! इथं फ्यूज माझ्या पिशवीत, अन् तिथं हे तारांत हात घालून बसले असतीन बिनघोर, भागीपाशी आहे म्हणून!

"काढ तो फ्यूज! बाबा गॅरेजात आहेत!" भर बाजारात मी किंचाळली. तिकडं काहीतरी आपटलं अन् फोन बंद. मंग कितीकदा लावला, लागतच नाही.

ऑटोत बसली. ऑटोवाला मेला अजून सवाऱ्या बोलवून राहिला. "चल भैया, मेरा आदमी मर जाएगा!" हे माझ्याच तोंडून निघालं अन् मीच थिजली. असं कावून बोलली मी? आमच्या गल्लीतल्या केवलरामाले कूलरचा शॉक लागला होता, त्याचा काळा पडलेला हात सारखा डोळ्यापुढं येऊन राहिला. दारात लोकं जमली असतीन का? संघमित्राले कोण सांगन? पिशवी दोनदा खाली पडली.

दारात कोणी नव्हतं. त्यानं त आणखीच भेव वाटलं. गॅरेजात पाय टाकवेना. भिंतीले धरून धरून गेली.

हे रंगाच्या डब्यावर बसून होते. विक्की बाजूले, हातात पडून फुटलेला फोन, तोंड पांढरंफटक. मी पहिले ह्यायचे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे करून पाहिले. मंग विक्कीच्या पाठीत एक धपाटा घातला.

"हात लावला होता का तारेले?"

"नाही."

"कावून? मी जाऊन त किती वेळ झाला!"

हे खाली पाहत बोलले, "तू गेली अन् मले शिडीवर चढवेना. भेव वाटून राहिलं होतं. म्हटलं, तू आल्यावरच चढू."

"प्लांटमधी नाही वाटलं कधी, अन् घरच्या ट्यूबले भेव?"

"तिथं त रोजच वाटे, भागी. निघताना तू डबा द्यायची ना, तो धरताना हात कापे माझा. सांगितलं असतं त तुले झोप लागली असती का?"

ह्यायची नाइट असली का मी पोरांले कुशीत घेऊन खुशाल घोरत होती. सकाळी हे घरी आले का वरून म्हणो, "चहा तुम्हीच मांडा, मले अजून झोप येऊन राहिली."