रजईतला हिमालय

समस्त धाड ग्रामस्थांस कळवण्यास अत्यंत खेद होतो की, ऐन थंडीत माझ्या रजईतला कापूस हिमालयावर पडला आहे.

हा काळ्या मातीचा हिमालय शेजारच्या कंपाउंडरच्या ओसरीत आहे. तिकडे खऱ्या हिमालयात सीमेवर लढाई सुरू झाल्यापासून हा गृहस्थ पोळ्याच्या मातीच्या बैलांच्या हौसेने बोटभर सैनिक घडवतो. आमच्याकडे आला की माणसांकडे बघतच नाही, वस्तू न्याहाळतो. माझ्या दाढीच्या ब्रशाचं त्याने गवत केलं. मग म्हणाला, "भाऊ, रजई उसवलीच हाये न? थोडासा बर्फ नेतो."

थोडासा! दोन रात्री कुडकुडून मी कापूस परत आणायला तणतणत गेलो. तो चिमट्याने बर्फ पसरत होता. खिंडीत सैनिक पातळ खाकी कपड्यांत उभे होते. "माझा कापूस काढ," असं म्हणायला तोंड उघडलं आणि ओरडलो, "अबे, यायले स्वेटर तरी घाल!"