शनिवारी काउंटरवर गोदू

गोदूला दवाखान्यात पहिलं काम मिळालं ते बाटल्या धुण्याचं. डॉक्टर दिनानाथ कर्णिकांचा दवाखाना पनवेलच्या बाजारात होता. खाली तपासायची खोली, वर चार खाटा. औषधाच्या रिकाम्या बाटल्या लोक परत आणून देत. त्या मागच्या मोरीत गरम पाण्यानं धुवायच्या आणि उन्हात उपड्या टेकवायच्या. गोदूचा नवरा काशिराम मिठाची होडी उलटून खाडीत बुडाला होता. करंजाड्याच्या घरी आता सासू भामा, दीर महादेव आणि गोदूची चार-पाच वर्षांची लेक वेणू. मिठागरात पाय सोलून घेण्यापेक्षा बाटल्या बऱ्या म्हणून सासूनंच तिला पाठवलं. सकाळी नदी ओलांडून यायचं, दिवेलागणीला परत जायचं.

पुढच्या खोलीत काउंटरवर मिल्का बसायची. पनवेलच्या जुन्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घरातली, तिशी उलटलेली, सडसडीत बाई. पेशंट आला की त्याचं नाव लिहायचं, जुना कागद काढायचा, कोणाला आधी आत सोडायचं ते ठरवायचं. फोन घ्यायचा, मुंबईच्या इस्पितळांना पत्रं टाइप करायची. छप्पन-सत्तावन साल होतं, आणि पनवेलात या कामाला धड नाव नव्हतं. लोक नुसतं 'पुढची बाई' म्हणत.

गोदू सातवी शिकली होती. तिचा बाप मिठागरावर मुकादम होता, त्यानं हट्टानं शाळेत घातली होती. बाटल्यांवरची नावं ती धुता धुता वाचते हे मिल्कानं पाहिलं, आणि मनाशी काही ठरवलं. मिल्काचा भाऊ सॅम आधीच इस्रायलला गेला होता. वडिलांना, सायमनना, घेऊन पुढच्या दिवाळीनंतर तीही जाणार होती. तिच्या जागी दादरची एक शिकलेली मुलगी आणायची असं डॉक्टरांच्या मनात होतं.

"दादरची मुलगी इथे चार महिने टिकणार नाही," मिल्का त्यांना म्हणाली. "गोदूला मी तयार करते."

डॉक्टर हसले नाहीत. ते फारसे हसतच नसत. "मराठी नावं ती लिहील. पण मुंबईला फोन लागला की समोरचा माणूस इंग्रजीत बोलतो. टायपिंग यायला हवं. दिवाळीपर्यंत जमलं तर ठेवीन. नाही जमलं तर बाटल्या आहेतच."

त्या दुपारी मिल्कानं गोदूला समोर बसवून सगळं स्पष्ट सांगितलं. टायपिंगच्या क्लासची फी तुझ्या पगारातून जाईल, मी देणार नाही. इंग्रजी मी शिकवीन, पण रोज संध्याकाळी. म्हणजे करंजाड्याला परत जाणं जमायचं नाही, आमच्या मागच्या खोलीत राहा. जागा मिळाली तर पगार बाटल्यांच्या दुप्पट होईल, तरी कंपाउंडरपेक्षा कमीच राहील. लोक नावं ठेवतील. बाई परक्या पुरुषांची नावं मोठ्यानं पुकारते, हे कोणाला आवडत नाही.

"आनि वेणू?" गोदूनं विचारलं.

"ते तुझ्या घरच्यांना विचार," मिल्का म्हणाली.

घरच्यांनी उत्तर द्यायला वेळ लावला नाही. भामा चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "तुला जायाचं तं जा. पोर माज्या काशाची हाय, ती हितंच राहील. नोकरी लागली तं मंग बगू. नाय लागली तं मुकाट मिठागरात यायाचं, परत शाराचं नाव काढायचं नाय."

गोदू गेली. वेणू नदीपर्यंत मागे आली. महादेवनं तिला खांद्यावर उचलून परत नेलं. तो वाईट माणूस नव्हता. पुतणीवर त्याचा जीव होता.

शिकणं गोदूला जड गेलं. टाइपरायटरवर बोटं अडकायची. इंग्रजी शब्द कागदावर ओळखीचे वाटायचे आणि कानाला लागले की परके व्हायचे. रविवारी ती करंजाड्याला जायची तेव्हा वेणू आधी आजीच्या पदराआड लपायची, मग हळूहळू जवळ यायची, आणि जवळ येते न येते तोच निघायची वेळ व्हायची. रांगेचं काम मात्र गोदूला लवकर उमगलं. मिल्का तिला सांगायची, "जो ओरडतो त्याच्याकडे सगळी खोली बघते. तुला बघायला बसवलंय ते जो गप्प बसलाय त्याच्याकडे. ओरडणारा निदान श्वास तरी घेतोय."

शनिवार मिल्काचा शब्बाथ. त्या दिवशी ती कामाला हात लावायची नाही, म्हणून शनिवारी काउंटरवर गोदू एकटी बसू लागली. डॉक्टरांनी हे मान्य केलं होतं, पण दर शनिवारी दुपारी ते तिचे सगळे कागद तपासायचे आणि चुकलेल्या जागी तांबडी रेघ मारून परत द्यायचे.

श्रावणातला एक शनिवार. खोली तुडुंब भरली होती. फटफटीवरून पडलेला एक मास्तर, खोकणाऱ्या म्हाताऱ्या, तापाची पोरं. गोदू नावं लिहीत होती आणि तिचं लक्ष पुन्हा पुन्हा दाराकडे जात होतं. बाहेरच्या पायरीवर एक कातकरी बाई बसली होती. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवरून चालत आलेली, जनी नावाची. आत या म्हटलं तरी आत येत नव्हती. तिच्या मांडीवर दोन-अडीच वर्षांची पोर होती. ती रडत नव्हती. गोदू उठून पायरीवर गेली आणि तिनं पोरीवरचा पदर बाजूला केला. पोरीच्या गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. ओठ जांभळाच्या सालीसारखे दिसत होते.

त्याच क्षणी रस्त्यावरून आरोळी आली.

"वैनी! ए वैनी!"

महादेव धावत येत होता. त्याच्या हातांवर वेणू होती. गोठ्याच्या माळ्यावरून ती दगडावर पडली होती. उजवा हात कोपराखाली भलताच वाकलेला, महादेवचा सदरा रक्तानं भिजलेला. ती ओरडत होती ते सगळ्या बाजाराला ऐकू जात होतं. आईला पाहिल्यावर ती आणखीच जोरात ओरडली. "आये! आये गं!"

खोलीतली माणसं आपसूक बाजूला झाली. मास्तर स्वतः उभे राहिले. "जा जा, बाईंचीच मुलगी आहे. आत न्या." एकानंही तक्रार केली नाही. आत डॉक्टर एकच. दार एक.

गोदूनं वेणूकडे पाहिलं. मग पायरीवरच्या पोरीकडे. त्या वेळी आपल्याला काय वाटलं ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. ती एवढंच म्हणायची की कानात नुसता वेणूचा आवाज होता आणि डोळ्यांपुढे तो गळ्याखालचा खड्डा.

तिनं जनीला दंडाला धरून उभं केलं आणि दार ढकललं. "डॉक्टर, ही आधी. श्वास घेता येत नाय हिला."

"वैनी!" महादेव मागून ओरडला. "ही तुजी पोर हाय! डोलं फुटलं का तुजं?"

"भावजी, जरा थांबा. पाय धरते तुमचे. हिचा हात बसवता येईल. ती पोर मरंल."

ती वेणूला घ्यायला वळली तोच आतून डॉक्टरांचा आवाज आला. घटसर्प होता. श्वास चालू राहावा म्हणून गळ्यात छेद द्यायला त्यांनी कंपाउंडरला बोलावलं आणि दाराच्या फटीतून गोदूला सांगितलं, "मुंबईच्या इस्पितळाला ट्रंक कॉल लावा. घटसर्पाचं सीरम आपल्याकडे संपलंय. मोटारीनं आत्ता निघालं पाहिजे. तुम्हीच बोला. मला इथून हलता येत नाही."

गोदूनं एका हातानं फोन उचलला, दुसऱ्या हातानं वेणूला ओढून मांडीशी घेतलं. एक्सचेंजवाला म्हणाला, लाइन लावतो, फोन ठेवू नका. वेणूचा चांगला हात तिच्या गळ्यात होता. "आये, दुकतंय. आये, डाक्टरकडं चल." रक्त गोदूच्या लुगड्यावर उतरत होतं. लाइन खरखरत होती. आतून भांड्यांचा आवाज आला, मग काहीच आवाज येईना.

महादेव समोर उभा होता. "ठेव तो फोन."

"नाय ठेवता येत, भावजी."

"पोर रडून मरतंय आनि तू फोन धरून बसलीस? काशादादा असता तं..." त्यानं वेणूला तिच्या हातातून उचललं. "मी नेतो तिला हाडवैद्याकडं. तू बस हितंच."

"नका नेऊ! थोडा वेळ थांबा, भावजी—"

तो पायऱ्या उतरला. वेणू त्याच्या खांद्यावरून मागे हात पसरून ओरडत होती. गोदू खुर्चीतून अर्धी उठली. फोनची दोरी ताणली गेली, आणि तेवढ्यात कानात एक पुरुषी आवाज इंग्रजीत बोलू लागला.

ती खाली बसली. शिकलेले शब्द तिनं एकेक करून उच्चारले. पनवेल. डॉक्टर कर्णिक. डिप्थेरिया. चाइल्ड, टू इयर्स. सीरम, अर्जंट. पलीकडच्यानं काहीतरी विचारलं ते कळलं नाही. तिनं ते पुन्हा विचारायला लावलं, मग पुन्हा एकदा. अखेर तो वैतागून सावकाश बोलला आणि तिला कळलं. तिनं उत्तर दिलं. मोटार निघेल असं त्यानं सांगितल्यावरच तिनं फोन ठेवला. मग ती रस्त्यावर धावली. महादेव दिसेनासा झाला होता.

सीरम दुपार कलताना आलं. जनीची पोर जगली.

डॉक्टरांनी त्या दिवशी कागद तपासले नाहीत. "दादरला नाही म्हणून कळवतो," एवढंच म्हणाले. गोदूनं मान हलवली. तिच्या डोक्यात ते शिरलं होतं की नाही कोणास ठाऊक. ती तशीच रक्ताळलेल्या लुगड्यानं करंजाड्याला गेली. भामा दारात उभी होती. आत वेणू बांबूच्या कामट्या बांधलेला हात पोटाशी घेऊन निजली होती.

"आलीस? झाला का फोन करून?" भामा म्हणाली, आणि दारातून हलली नाही.

गोदू अंगणातूनच परतली. मिल्काच्या घरी शब्बाथ अजून संपायचा होता. मिल्कानं लुगडं बदलायला आपली साडी काढून दिली. गोदूनं घडलेलं सांगितल्यावर ती म्हणाली, "या कामात हेही येतं, ते मी तुला सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं."

पुढचे रविवार गोदू करंजाड्याला जात राहिली. कधी वेणूला दुरून बघायला मिळायचं, कधी तेही नाही. गावात बोललं जायचं ते तिच्या कानावर यायचं: हीच ती, लेकीला बसवून कातकरणीची पोर आत धाडणारी. मग एका रविवारी कामट्या सुटल्या होत्या आणि गोदूनं तो हात पाहिला. मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं, बोटं मिटत नव्हती.

त्याच आठवड्यात तिनं डॉक्टरांना करंजाड्याला आणलं. ते ओटीवर बसले, हात दाबून पाहिला. वेणूनं त्यांच्याकडे पाहिलं, आईकडे नाही.

"वाकडा जुळलाय," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा मोडून प्लास्टरमध्ये बसवावा लागेल. भूल देऊन करू. आता केलं तर निम्मं तरी काम येईल. नाहीतर हा हात असाच."

"परत मोडनार?" महादेवनं विचारलं. हाडवैद्याकडे आपणच नेलं होतं, हे त्याला आता बोचू लागलं असावं.

भामा गोदूकडे वळली. "एक इचारते, खरं सांग. त्या दिशी पोर तुज्या मांडीवर रडत व्हती, तवा तुला ऐकू येत व्हतं का?"

"येत होतं, आत्या."

"तरी फोन नाय ठेवलास."

"नाय ठेवला."

"आनि परत तसंच झालं तं?"

गोदूला खोटं बोलता आलं असतं. वेणू ऐकत होती. "परत नाय ठेवणार," ती म्हणाली आणि रडू लागली. "पण भावजींच्या पायात पडून त्यांना धरून ठेवीन. जाऊ नाय देणार."

भामा आत गेली. मग तिनं वेणूचे दोन परकर गाठोड्यात बांधले आणि गाठोडं गोदूपुढे टाकलं. "ने. मोड, जोड, काय ते कर. पन आता तुज्याकडंच ठेव. त्या हाताकडं मला रोज बगवनार नाय."

अशी वेणू आईकडे आली. गोदूनं जे मागितलं होतं तेच मिळालं, पण ते तिच्या अंगावर फेकल्यासारखं मिळालं. हात बसवला. बोटं मिटायला लागली. मनगट मात्र कायमचं थोडं आखडलेलं राहिलं. दिवाळीनंतर मिल्का आणि सायमन गेले. निरोपाला एसटी स्टँडवर बरीच मंडळी होती. मिल्कानं गोदूच्या हातात आपला चष्म्याचा डबा दिला, म्हणाली, "चाळिशी लागली की लागेल," आणि दोघी हसल्या आणि मग हसू टिकलं नाही.

गोदू काउंटरवर बसली ती बसलीच. दवाखान्याचं पुढे छोटं इस्पितळ झालं. तिचा पगार वाढला, तरी कंपाउंडरच्या मागेच राहिला. आसपासच्या गावांतून बाप आपल्या मुलींना घेऊन विचारायला येत: या कामाला काय शिकावं लागतं, काय खर्च येतो, पुढे काय मिळतं? ती फीचा आकडा सांगायची, टायपिंगचं सांगायची, लग्नाच्या बाजारात याचा फायदा नाही हेही सांगायची. काही मुली राहिल्या. दोघी तिच्या हाताखाली तयार होऊन पुढे ठाण्याला लागल्या.

वेणूनं मात्र त्या दिवसाबद्दल बरीच वर्षं तोंड उघडलं नाही. ती नववीत असताना, वेणी घालून घेताना, पाठमोरी असतानाच तिनं विचारलं, "ती दुसरी पोर कुठंय आता?"

"ठाऊक नाय. गळ्याची जखम दाखवायला एकदा आली होती. मग नाय आली."

"बघून येऊ."

रविवारी दोघी गोव्याच्या रस्त्यानं जाणाऱ्या एसटीनं कर्नाळ्याच्या पायथ्याशी उतरल्या आणि विचारत विचारत वाडीवर पोचल्या. निम्म्या झोपड्या बंद होत्या. एका म्हातारीनं सांगितलं, जनीचं बिऱ्हाड कोळशाच्या भट्टीवर गेलंय, घाटावर कुठंतरी. पावसाला येतील, नाही येतील.

"आणि पोरगी?" वेणूनं विचारलं. "गळ्यावर खूण असलेली?"

"ती होय? ती गेली ना बापाबरोबर. डोक्यावर लाकडं घेऊन पुढं चालत व्हती. लय बडबडी."

वेणूनं मान हलवली. परतीच्या एसटीला वेळ होता. दोघी रस्त्याकडेच्या आंब्याखाली बसल्या. गोदूनं भाकरी सोडली. वेणूनं डाव्या हातानं अर्धी मोडून आईपुढे ठेवली, आणि ऊन फार आहे, आधी पाणी पी, असं म्हणाली.